राहायला घर आहे कुठे?

महोदय,

माझ्या पत्नीला अलिबागला परिचारिकेची सरकारी नोकरी लागली. अमळनेरचं बिऱ्हाड हलवायचं की तिनं तिकडे आणि आम्ही इकडे राहायचं, यावर दोन महिने घरात खल चालू आहे.

इथे तीन खोल्यांना सहा हजार भाडं देतो. तिकडे दोन खोल्यांना सतरा हजार आणि वर अनामत. एका घरमालकांनी स्पष्टच सांगितलं, "मे महिन्यात आणि डिसेंबरअखेर खोल्या रिकाम्या करून द्याव्या लागतील. पर्यटक दिवसाच्या हिशेबाने देतात." सामान आणि म्हातारी आई घेऊन तेवढे दिवस आम्ही कुठे जायचं? 2020 मध्ये मुंबईहून जवळच्या मांडव्याला गाड्याही नेणारी रो-रो बोट सुरू झाली, 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबईकरांना अलिबाग जवळ आलं, याचा आनंदच आहे. पण तिथल्या रुग्णांना रात्रपाळीत सलाईन लावणारी बाई गावातच राहायला हवी ना?

शासनाने अशा महागड्या गावांत कर्मचारी निवासस्थानं आधी बांधावीत, निदान घरभाडे भत्ता तरी तिथल्या भाड्याकडे बघून ठरवावा, ही कळकळीची विनंती.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची यात्रा तिनं कधी चुकवली नाही. परवा गच्चीवर कुरडया उलटवता उलटवता तिनं एवढंच विचारलं, "तठे दमट हवामा ह्या वाळतीन का?" मला उत्तर देता आलं नाही.

– एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)