घरातल्या व्हिडिओ कॅसेट वाचवायला वाचनालयांनी पुढे यावं

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार,

आम्ही चिपळूणची आठ भावंडं, त्यातला चौथा आमचा नाना गेल्या वर्षी गेला. वर्षश्राद्धाला सगळे जमणार म्हणून पुतणीने टूम काढली की नानाकाकावर घरीच एक फिल्म करूया, प्रत्येकाने आपापल्या मोबाईलवर आठवणी बोलून पाठवायच्या. थोरली ताई म्हणते नाना दहाव्या वर्षी वाशिष्ठी पोहून पार करायचा, आणि धाकटा म्हणतो छे, त्याला कधी पाण्यात बघितलंच नाही, काठावर बसून आमचे कपडे सांभाळायचा. यावरून ग्रुपवर जाम वाद झाला, पण पुतणीने दोन्ही एकापाठोपाठ तसंच ठेवलं आणि मला ते फार पटलं. ताई आणि धाकट्यात एकोणीस वर्षांचं अंतर, दोघांच्या वाट्याला आलेला नाना वेगळाच असणार ना.

पण हलता-बोलता नाना फक्त एका व्हीएचएस कॅसेटमध्ये आहे, १९९३ च्या लग्नातली. खांद्यावर पंचा, हातात जिलबीचं ताट, पंगतीत आग्रह करत फिरतोय आणि मधेच शूटिंगवाल्याला म्हणतो, "अरे ते ठेव बाजूला, आधी जेवून घे". २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचे खालच्या कपाटातले सगळे अल्बम गेले, ही माळ्यावर होती म्हणून राहिली, तरी टेपवर पांढरी बुरशी आलेलीच. अशी कॅसेट तशीच लावून बघू नका, बुरशी मशीनच्या हेडला लागते, टेप अडकून तुटू शकते आणि पुढच्या कॅसेटही खराब होतात, आधी जाणकाराकडून साफ करून घ्या मगच कॉपी करा, आणि कॉपी दोन ठिकाणी ठेवा.

आता खरी अडचण मशीनची आहे. व्हीसीआर, म्हणजे या कॅसेट लावायचं मशीन, शेवटपर्यंत बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये ते बनवणं थांबवलं, त्यानंतर नवीन मिळणं संपलंच, जुन्यांना पार्ट नाहीत आणि दुरुस्त करणारेही म्हातारे झाले. सिनेमे जपायला पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, ते हवंच, पण घरोघरच्या लग्नामुंजीच्या कॅसेटचं काय? त्यात गेलेली माणसं आहेत, जुनी घरं आहेत, पुराआधीचं गाव आहे.

माझी विनंती अशी की तालुक्याच्या वाचनालयांनी पोथ्या जपल्या तसं हेही काम अंगावर घ्यावं. एक चालू व्हीसीआर, एक कॉम्प्युटर, त्याला जोडायचं, टेपवरचं चित्र कॉम्प्युटरवर उतरवणारं कॅप्चर कार्ड आणि शिकवलेला एक मुलगा एवढ्यात होतंय, रीतसर फी घ्या, लोक आनंदाने देतील. २७ ऑक्टोबरला युनेस्कोचा दृकश्राव्य वारसा दिन असतो, तेव्हा आपल्या पेपरने यावर एक पान करावं. आणि ज्यांच्या घरी व्हीसीआर अजून चालतोय त्यांनी तो भंगारात घालण्याआधी जवळच्या वाचनालयात एकदा विचारून बघा प्लीज.

आपली नियमित वाचक,
चिपळूण