बहिरेपणाचं कौतुक पुरे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत बीथोवनच्या अखेरच्या स्ट्रिंग क्वार्टेट्सवर (दोन व्हायोलिन, त्यांच्याहून जरा खालच्या सुराचा व्हायोला आणि त्याहून खालचा चेलो, अशा चौघांसाठीच्या रचना) लेख आला, आनंद झाला. मराठी पेपरात हा विषय येतो कधी? पण त्या लेखात 'बहिरा' हा शब्द अकरा वेळा आहे (पेन्सिलीने खुणा करून मोजले) आणि 'व्हायोला' हा शब्द एकदाही नाही. म्हणून हे पत्र.

मी स्वतः कमी ऐकतो. टर्नर होतो. २९ वर्षं लेथवर (धातू फिरवून कापायचं यंत्र) काढली, आणि भिंतीपलीकडे पॉवर प्रेस. कानात घालायला बोळे मिळाले ते निवृत्तीला चार वर्षं उरली तेव्हा. आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत. तेव्हा अनुभवाने सांगतो, बहिरेपणातून काही सुचत नाही, दूधवाल्याशी भांडणं तेवढी होतात. बीथोवनला सुचलं ते बहिरेपण सोसून सुचलं.

लेखातलं 'जगापासून तुटून स्वतःपुरतं लिहिलेलं संगीत' हे वर्णनही पटलं नाही. रशियाच्या प्रिन्स गालित्झिनने १८२२ मध्ये 'एक, दोन किंवा तीन' क्वार्टेट मागितले आणि दर ठरला प्रत्येकी ५० डुकाट (तेव्हाचं सोन्याचं नाणं). सरळ ऑर्डरचं काम. त्यातला पहिला, ऑपस १२७ (ऑपस म्हणजे रचनेचा छापील क्रमांक), मार्च १८२५ मध्ये व्हिएन्नात शुपान्झिग या व्हायोलिनवादकाच्या चौघांनी वाजवला आणि तो प्रयोग फसला. मग बीथोवनने योझेफ बोम या दुसऱ्या व्हायोलिनवादकाकडे काम दिलं आणि तालमीला स्वतः येऊन बसला. बोमने ती आठवण सांगून ठेवली आहे. काहीही ऐकू न येणारा हा माणूस कोपऱ्यात बसून चौघांच्या गजांवर नजर लावायचा, आणि लय जराशी हलली तरी लगेच दुरुस्त करायचा. शेवटच्या भागात एके जागी 'लय थोडी उतरवा' अशी त्याची सूचना होती. बोमला ती खटकत होती. त्याने सोबत्यांना सांगून लय तशीच ठेवली. वाजवून झालं तसा बीथोवन उठला, 'राहू दे असंच' म्हणाला आणि चौघांच्या कागदांवरची ती सूचना खोडून टाकली.

इतरांना यात चमत्कार दिसेल, मला आमचा शॉप दिसला. प्रेस चालू असताना लेथवर कानाचा उपयोग शून्य. टूल बसलं की नाही ते चिपचा (कापून निघणाऱ्या धातूच्या सालीचा) रंग बघून आणि टेलस्टॉकवर (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधारावर) हात ठेवून ओळखायचं. कामात मुरलेला माणूस असाच ऐकतो.

या संगीताशी माझी गाठ घालून दिली आमच्या टूलरूमच्या फोरमननी. मूळ गोव्याचे, चर्चमध्ये व्हायोला वाजवायचे. एका दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी ऑपस १३२ ची कॅसेट हातात ठेवली आणि म्हणाले, "पाच वेळा ऐक, मग शिव्या दे." तीन वेळा शिव्या दिल्या. चौथ्या वेळी तिसरा भाग लागला आणि स्वयंपाकघरातून बायको हात पुसत बाहेर आली. "अहो, यमन लावलाय का?" लग्नाआधी तीन वर्षं ती गाण्याच्या क्लासला जायची.

तिचा कान चुकला नव्हता. १८२५ च्या एप्रिलमध्ये बीथोवन पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला. डॉक्टरने वाइन बंद केली, कॉफी बंद केली. उठल्यावर त्याने हा भाग लिहिला आणि वर शीर्षक दिलं, 'बरा झालेल्याने देवाला वाहिलेलं आभाराचं पवित्र गीत, लिडियन पद्धतीत'. लिडियन म्हणजे बाकी स्वर शुद्ध, मध्यम तेवढा तीव्र, आपल्या कल्याण थाटाचे, म्हणजे यमनचेच स्वर. पण त्यात यमन शोधायला बसाल तर हिरमोड होईल. यमनचं चलन (स्वरांची ठरलेली चाल) नाही, आणि मधूनच कान फसतो, पंचमालाच सा समजायला लागतो. चार वाद्यं दीर्घ, जवळजवळ न हलणाऱ्या सुरांत हे गीत म्हणतात. मग एकदम लय बदलते, ट्रिल (शेजारच्या दोन सुरांची जलद थरथर) सुरू होतात, आणि तिथे त्याने लिहिलंय 'नवी शक्ती जाणवते आहे'. सलाइन काढल्यावर पेशंट वॉर्डात चार पावलं टाकतो, तशी. पुन्हा आभार, पुन्हा चार पावलं, पुन्हा आभार. माझ्या बायपासनंतर मी हा भाग वर्षभर लावला नाही. झेपला नसता.

हे क्वार्टेट्स कोणत्या क्रमाने लिहिले, याबद्दलही एक दुरुस्ती. ऑपसचे आकडे बघून लेखकाने १३० नंतर १३१, मग १३२ असं लावलंय. प्रत्यक्षात १२७ नंतर १३२, मग १३०, मग १३१ आणि शेवटी १८२६ च्या शरदात १३५. ऑपस १३० च्या शेवटी आधी एक प्रचंड फ्यूग होता (फ्यूग म्हणजे एकच धून वाद्यं एकामागून एक उचलतात आणि गुंफतात तो प्रकार). मार्च १८२६ च्या कार्यक्रमात लोकांनी मधले दोन भाग पुन्हा वाजवायला लावले, फ्यूग मात्र कोणाला पेलला नाही. प्रकाशक म्हणाला, हा वेगळा छापू, तुम्ही दुसरा शेवट द्या. हट्टी म्हणून प्रसिद्ध असलेल्या या माणसाने तो दिला!

याच क्वार्टेटमधली 'काव्हातिना' (गाण्यासारखा संथ भाग) १९७७ पासून व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या, पृथ्वीवरचं संगीत भरलेल्या सोनेरी तबकडीत आहे, अगदी शेवटी. तिच्याआधी अमेरिकेचा गायक ब्लाइंड विली जॉन्सन, आणि त्याच्याआधी केरीच्या केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो'. हे कळल्यापासून फोरमनसाहेबांची छाती दोन इंच फुगलेली असायची. "आमची गोंयची बाई!"

लेखातल्या 'तंतुवाद्य-चौकडी'बद्दल एवढंच की मराठीत चौकडी म्हटलं की पुढे चांडाळ येतो. क्वार्टेटच म्हणा.

आता कानांचं. आवाजाने गेलेला कान आधी वरचे सूर सोडतो. त्यामुळे पहिल्या व्हायोलिनची धार मला आता पुसट येते, आणि इतकी वर्षं नीट न ऐकलेला व्हायोला वर आला आहे. फोरमनसाहेब कशासाठी जीव टाकत होते ते आत्ता कळतंय. ते आता नाहीत.

लेखकांना विनंती, पुढच्या वेळी ऑपस क्रमांक ठळक छापा. नेटवर नुसतं 'बीथोवन क्वार्टेट' टाकलं तर सोळाच्या सोळा समोर येतात. माझ्या नातवाने परवा तसंच केलं, नेमका तो फ्यूग लागला आणि पोरगं हेडफोन काढून पळालं.

– एक निवृत्त टर्नर, डोंबिवली (पूर्व)