दादाला, ऑपरेशनच्या आधी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तारीख ठरल्याचं आईकडून कळलं. "आता पोटच लहान करणार म्हणजे सुटला बिचारा," असंही ती म्हणाली, म्हणून लगेच लिहायला बसले. फोनवर तू "हो हो" करून विषय बदलतोस. पत्र निदान वहिनी दोनदा वाचतील.

इथे आहारतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे ऑपरेशनला निघालेली जी माणसं येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना आईसारखंच वाटत असतं. सर्जन जठर कापतो, रात्री अकराला फ्रिज उघडणारा हात तसाच राहतो. पहिलं वर्ष-दीड वर्ष वजन भराभर उतरतं, मग ते थांबतं आणि काहींचं थोडं परतही येतं. नव्या सवयी लावायला तेवढाच सोपा काळ मिळतो, आणि माझं ऐकशील तर त्या आजपासूनच लाव.

ऑपरेशनआधीचा दोन आठवड्यांचा कमी कॅलरींचा आहार तुला शिक्षा वाटतोय, असं वहिनी सांगत होत्या. त्यामागचं कारण ऐक. यकृताचा डावा भाग जठरावर आलेला असतो. चरबीने फुगलेलं यकृत दुर्बिणीतून काम करताना आड येतं, आणि या आहाराने ते आकसतं. म्हणजे आयत्या वेळी "आता शेवटचं पोटभर खाऊन घेतो" असं म्हणायचं नाही! मात्र खाणं कमी झालं की रक्तातली साखरही खाली येते. मधुमेहाच्या गोळ्यांचा डोस तेवढाच ठेवायचा की बदलायचा, हे आहार सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचार. स्वतःच्या मनाने काही करू नकोस.

तुझं ऑपरेशन 'स्लीव्ह' प्रकारचं आहे. जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढतात आणि उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे सुरुवातीला भुकेचा पत्ताच नसतो. लोकांना याचा आनंद होतो, मला मात्र धास्ती वाटते, कारण भूक नाही म्हणून माणूस पाणीही प्यायचा राहतो आणि अंगातलं पाणी कमी होऊन पुन्हा दवाखान्यात येतो. दिवसभरात दीड लिटर तरी द्रव पोटात जायला हवं, तेही घोट घोट. गटागटा पिणं जमणारच नाही. जेवताना पाणी नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. तुझ्यासारख्या घासागणिक ग्लास उचलणाऱ्याला हेच सगळ्यात जड जाईल, माझी पैज आहे. म्हणून आत्तापासून ग्लास ताटाजवळ ठेवूच नकोस. घासही छोटा घे, तोंडात पार लगदा होईपर्यंत चाव, आणि एका जेवणाला वीस मिनिटं दे.

आधी पातळ, मग गुळगुळीत वाटलेलं, मग मऊ आणि शेवटी नेहमीचं, असं खाणं पायरीपायरीने वाढतं. कोणती पायरी किती दिवस, ते तुझे सर्जन सांगतील तेच खरं. प्रथिनं दिवसाला 60 ते 80 ग्रॅम लागतात. जागा एवढीशी, म्हणून ताटातलं अंडं, डाळ, मासे, चिकन, दही जे असेल ते आधी खायचं, बाकीचं नंतर. आईला मात्र सांगून ठेव, "अजून एक घास" म्हणायचं नाही. तो एक घास उलटी होऊन बाहेर येईल.

चालणं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू करतील. तू कुरकुर करशील, पण पडून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. घरी आल्यावर दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं चाल. चार ते सहा आठवडे जड काही उचलायचं नाही, सिलिंडरला तर हातही लावायचा नाही. पुढे आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालण्यापर्यंत पोचायचं. तरी नुसत्या चालण्यावर समाधान मानू नकोस. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. ते टिकवायला आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायाम हवाच. गुडघे दुखतात तर खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्यापासून सुरुवात कर. उंच खुर्ची घे, म्हणजे सोपं जाईल.

वहिनी, हे तुमच्यासाठी. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या आहेत, बरं वाटलं म्हणून बंद करायच्या नाहीत. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर ठेवा. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळू लागले तर घाबरू नका, बहुतेकांचे परत येतात. पण उलट्या थांबत नसतील तर वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. उलट्यांमुळे थायमिन, म्हणजे ब1 जीवनसत्त्व, कमी पडलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

आणि दादा, गुडघ्यासाठी घेतोस त्या वेदनाशामक गोळीचं नाव पुढच्या तपासणीला डॉक्टरांना नक्की सांग. तशा काही गोळ्यांनी पोटात अल्सर होतो. सिगारेट सोडली आहेस असं वहिनींना सांगितलंयस, ते खरं आहे ना? रक्ताचे रिपोर्ट आले की फोटो काढून मला पाठव.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
धाकटी