तांगीबाबाला नुसतं 'आर्ट डीलर' म्हणू नका

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीतला व्हॅन गॉगवरचा लेख आवडला, पण सोबतच्या पोर्ट्रेटखाली नुसतं 'एक आर्ट डीलर' एवढंच छापलंय ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. अहो, तो ज्युलियन तांगी! मुळात रंग घोटणारा माणूस, 1871 च्या पॅरिस कम्यूनमध्ये, म्हणजे पॅरिसकरांनी सरकारविरुद्ध केलेल्या बंडात होता म्हणून शिक्षा भोगून आलेला, पॅरिसच्या रू क्लोझेलमध्ये त्याचं छोटंसं रंगांचं दुकान होतं आणि पेंटर मंडळी त्याला 'पेर' म्हणजे बाबा म्हणायची. खिशात दमडी नसली तरी तो रंग, कॅनव्हास देऊन टाकायचा, बदल्यात चित्र ठेवून घ्यायचा. सेझान या चित्रकाराची चित्रं बघायची तर बरीच वर्षं त्याच्याच दुकानात जावं लागायचं.

मी कोल्हापुरात पेंटिंग शिकत होतो तेव्हा आमच्याही रंगवाल्या काकांकडे उधारीची वही होती, माझ्या नावाचं पान दोन वर्षं भरत गेलं पण काकांनी एकदाही तगादा लावला नाही, उलट पांढरा संपला असेल बघ म्हणून आठवण करायचे. त्यामुळे तांगी मला लांबचा वाटतच नाही.

व्हॅन गॉगने त्याची तीन पोर्ट्रेट केली, तुम्ही छापलंय ते 1887 चं, पॅरिसच्या रोदँ म्युझियममधलं. नीट बघा, साधा निळा कोट, डोक्यावर हॅट, हात पुढे गुंफून अगदी समोर बघत बसलाय, आणि मागे भिंतभर जपानी छापचित्रं, त्यातला फुजी पर्वत बरोब्बर हॅटच्या वर आलाय. दुकानदाराला एखाद्या साधूसारखं बसवलंय हो! उधारीवर रंग घेणाऱ्याच्या मनात त्या माणसाची जागा काय होती ते यात दिसतं असं मला तरी वाटतं. तांगीने हे चित्र मरेपर्यंत विकलं नाही, नंतर ते शिल्पकार रोदँने घेतलं. 1894 साली तांगी वारला तेव्हा मागे पैसा नव्हता, त्याच्या बायकोसाठी लिलाव केला त्यात चित्रकारांनी आपापली चित्रं दिली.

लेखात म्हटलंय की व्हॅन गॉगला जिवंतपणी कुणी विचारलं नाही. मला हे पटत नाही. 1890 मध्ये पॅरिसजवळच्या ओव्हेर गावी त्याच्या अंत्ययात्रेला जी थोडी माणसं गेली त्यात तांगीबाबा होता. जमलं तर येत्या रविवारी त्याचं नाव तेवढं छापा.

आपला,
एक जुना वाचक, सांगली