त्या प्रतिक्रियांना नावानिशी उत्तर देऊ नकोस

नाशिक, कॉलेज रोड

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू बोलता बोलता फोन ठेवलास, म्हणून लिहितोय. रागावलेलो नाही. बातमीखालच्या प्रतिक्रियांना तू उत्तर दिलंस त्याचंही काही नाही, पण पूर्ण नावानं, फोटोसकट, कॉलेजचं नाव दिसत असताना? विकासकाकानं दाखवलं तेव्हा पोटात गोळा आला. आईला अजून सांगितलेलं नाही.

बातमी तुमच्या कॅनडातल्या घरभाड्याची होती आणि खाली प्रतिक्रियांत सगळा राग भारतीय विद्यार्थ्यांवर. बातम्यांच्या डेस्कवर मी रोज हेच चाळतो, त्याचा क्रम ठरलेला असतो. बातमीत माणसाला नाव, वय, गाव असतं. खाली आला की तो 'हे लोक' होतो. मग लोंढे, पूर. मग एक आकडा, तो कुठून आला ते कुणी सांगत नाही. मग 'माझ्या ओळखीतला एक जण सांगत होता'. शेवटी 'हाकला यांना'. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या परप्रांतीय कामगारांची बातमी असली की इथे मराठीत अगदी हेच. २००८ च्या फेब्रुवारीत उत्तर भारतीय मजूर जीव मुठीत धरून नाशिक सोडून गेले, ते 'उपरे' होते. मे २०२० मध्ये नाशिक रोडहून भोपाळला श्रमिक गाडी सुटली, तेव्हा तेच 'बिचारे' झाले. दया आली, तरी नाव कुणी विचारलं नाही. 'कष्टाळू असतात, गुपचूप काम करतात' हे कौतुकही मला खटकतं, कारण गुपचूप राहण्याची अट त्यातच असते. तू गुपचूप बसणारी नाहीस, माईंवर गेली आहेस. त्याचा मला अभिमान आहे आणि भीतीही त्याचीच वाटते.

लिहिणारे किती असतात, तेही बघ. अमेरिकेच्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओनं २०१६ मध्ये आपल्या संकेतस्थळावरच्या प्रतिक्रिया बंद केल्या. त्या जुलैत वाचक सुमारे ३.३ कोटी, प्रतिक्रिया ४,९१,००० आणि लिहिणारे फक्त १९,४००. म्हणजे शेकडा ०.०६. तुझ्या बसमध्ये शेजारी बसणारी बाई बहुधा यांतली नसते. तुमच्याकडच्या सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेला तर २०१५ मध्ये आदिवासींवरच्या बातम्यांखालच्या प्रतिक्रिया काही काळ थांबवाव्या लागल्या होत्या. जे मूळचे तिथले, त्यांनाही सोडलं नव्हतं.

आता कामाचं. उत्तर दिलं की बऱ्याच ठिकाणी ती प्रतिक्रिया आणखी वर चढते, म्हणून शिवी देणाऱ्याला उत्तर नाहीच. आधी स्क्रीनशॉट घे, त्यात तारीख आणि लिंक दोन्ही दिसू देत, मगच तक्रार कर. प्रतिक्रिया उडाली की पुरावाही जातो. राहवलंच नाही तर माणसाशी न भांडता बातमीखाली एकच तपासता येणारी गोष्ट लिही. 'आमचे दवाखाने फुकट वापरतात' असं कुणी म्हटलं, तर ओंटारिओत परदेशी विद्यार्थी ओहिपमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात, नसतात, विद्यापीठातले युहिप या वेगळ्या आरोग्य विम्याचे पैसे स्वतः भरतात, एवढंच. अधिकृत पानाची लिंक द्यायची, सूचना बंद करायच्या आणि झोपायचं. पण हे सगळं त्या नावानं नको, मनू.

पुन्हा प्रवचन झालं. माफ कर. शाळेत बाकावरच्या मुलीसाठी तू बाईंशी वाद घातला होतास, तेव्हा नाना म्हणाले होते, हिला अडवू नका. मी अडवत नाहीये. फक्त नाव, फोटो आणि कॉलेज एकाच ठिकाणी दिसायला नको. अनोळखी माणसाला तुझा रस्ता शोधायला तेवढं पुरतं. कामावरून रात्री उशिरा एकटी येतेस, म्हणून म्हणतो.

ते उत्तर आजच काढ. प्रोफाइलवरचं कॉलेजचं नावही काढ आणि काढलंस की मला नुसतं 'झालं' एवढं पाठव. आईशी मी बोलेन, पण तू आधी फोन कर.

तुझा,
बाबा