पेंड का साडी?

कोल्हापूर,
रविवार, दुपार

प्रिय बाळ्या,

आम्ही सगळे बरे आहोत. माझी शुगर आटोक्यात आहे, हिची पाठ अधूनमधून धरते, एवढंच. गणपती गेले तरी पाऊस काही हलायला तयार नाही. परवा घरात एक गोष्ट घडली आणि ती तुला सोडून दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून लिहायला बसलोय. हिला सांगितलं तर म्हणाली, "वय झालंय त्यांचं." अक्काला फोन केला तर तिनं इचलकरंजीहून ताबडतोब डॉक्टरांचा नंबर पाठवला. दोघीही बरोबर आहेत. पण त्या दिवशी लक्ष्मीपुरीतनं पिशवी घेऊन त्या पळाल्या नव्हत्या. आपण पळालो होतो.

पोरगी गणपतीला आलेली, परवा पुण्याला परत निघाली. पाठीवर सॅक, हातात हिनं भरून दिलेली पिशवी. आई सोप्यात मेथी निवडत बसली होती. पोरगी पाया पडली, "आजी, येतो," म्हणाली. आई म्हणाली, "सावकाश जा बाळा. पोचल्यावर फोन कर." पोरगी उंबरा ओलांडून बोळात गेली आणि थांबली. पाठ आमच्याकडं. पिशवीची चेन तिनं आधीच निम्मी उघडून ठेवली होती. हाक येणार आणि मग मागं फिरायचं, ही लहानपणापासूनची सवय. मी आत बघितलं. आई मेथी निवडत होती.

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. शेवटी पोरगी आपणहून मागं आली आणि पिशवी आईसमोर धरून म्हणाली, "आजी, साडी हाय."

आई म्हणाली, "कुठली साडी गं? नेसतीस कवा तू साडी?"

आणि छान हसली, बाळ्या. पोरगीही हसली. मग माझ्याकडं बघितलं आणि पटकन रिक्षात जाऊन बसली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. म्हणून मी ती सगळी हकिकत एकदा लिहून काढायची ठरवलीय. तू तिथं होतास. कुठं चुकलं तर शाई काढून दुरुस्त कर आणि पत्र परत पाठव. आईला विचारून खात्री करून घेता येईल, ही सोय मी आजवर गृहीतच धरली होती.

साल १९८३. आपल्या टीमनं वर्ल्ड कप जिंकायच्या आधीचा मे महिना. मामाचा साखरपुडा गडहिंग्लजला. खुंटीवर दोन पिशव्या, दोन्ही मामानंच गादीच्या उरलेल्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडातनं शिवलेल्या. एकीत साडी, खण, नारळ, साखरेचा पुडा. दुसरीत सरकी पेंड. पहाटे गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस पिळताना आबा तिच्यापुढं टाकायचे ती. वजनाला दोन्ही सारख्याच. आबा घाईत, मामा केस विंचरण्यात. रिक्षा बोळाच्या तोंडाशी गेली आणि आईला दिसलं की खुंटीवरच्या पिशवीतनं नारळाची शेंडी वर आलीय.

तिनं हाक मारायला तोंड उघडलं आणि आजीनं तिचा दंड धरला. "शुभ कामाला निघालेल्याला मागनं हाक मारतीस? खबरदार!" आई उंबऱ्यात पदराचा बोळा तोंडात धरून उभी राहिली. आजीनं साडीची पिशवी आपल्या हातात दिली आणि हुकूम सोडला: पळायचं, गाडीच्या पुढं जाऊन उभं राहायचं, पण मागनं ओरडायचं नाही. आपण पापाची तिकटी, लक्ष्मीपुरी, व्हीनस कॉर्नर करत स्टँडावर पोचलो तर निपाणीमार्गे जाणारी एस.टी. फलाटावरनं सुटत होती. पुढं जाणं शक्यच नव्हतं. मग आपण खिडकीच्या बाजूनं, ओठ घट्ट मिटून, पिशवी डोक्यावर हलवत पळालो. आबांना वाटलं, पोरं निरोप द्यायला इतक्या लांब पळत आलीत. त्यांनी भरल्या डोळ्यांनी हात हलवला. मामानं तर रुमाल काढला.

आता वादाचा मुद्दा. फाटकाजवळ मी ओरडणार होतो, "आबा, पिशवी!" आणि तू माझ्या तोंडावर हात ठेवलास. तू सांगतोस की तू ओरडणार होतास आणि मी हात ठेवला. बाळ्या, तुझ्या तळव्याला गुळाचा वास येत होता. मला आजही आठवतो. हा मुद्दा मी सोडणार नाही.

गडहिंग्लजचं आपण मामाच्या तोंडून ऐकलंय, आणि मामा दर लग्नात एक नवीन तपशील घालतो, त्यामुळं मी फक्त मामीचंच धरतो. पाट मांडलेला, बायका ओटी भरायला बसलेल्या, आबांनी साडी काढायला पिशवीत हात घातला आणि मूठभर पेंड बाहेर आली. सगळं घर गप्प. मुलीच्या वडलांनी पुढं होऊन चिमूटभर उचलली, वास घेतला, दाताखाली धरली आणि म्हणाले, "पाव्हणं, पेंड ताजी हाय. कुठल्या दुकानातली?" त्यांच्या गोठ्यातही म्हशी होत्या. पुढचा अर्धा तास दुधाच्या फॅटवर बोलणी झाली. दारामागं मामीला हसू आवरेना. ती अजून सांगते की नवऱ्या मुलाचा चेहरा तिनं नीट बघितलाच नव्हता. ज्या घरची माणसं पेंड घेऊन साखरपुड्याला येतात आणि लाजून पळून जात नाहीत, त्या घरात नांदायला बरं, असं तिला वाटलं. ओटी मावशीच्या नव्या साडीनं भरली. पिशवी गोठ्यात रिकामी झाली. आणि लग्नात व्याह्यांनी आबांना मानाचा आहेर म्हणून काय दिलं, तर लाल दोरा बांधलेलं पेंडीचं पोतं. आबांनी ते खांद्यावर घेऊन मांडवभर फिरवलं.

मला यात सर्वांत जास्त कौतुक आजीचं वाटतं. शकुनाच्या बाबतीत जगात कुणाचं न ऐकणारी बाई, पण तिनं एका रात्रीत शकुन उलटा केला. अख्खा महाराष्ट्र जाणाऱ्याला मागनं हाक मारत नाही; आमच्या घरात हाक मारल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. माणूस उंबऱ्याबाहेर पडला की "मागं ये! पेंड का साडी?" त्यानं यायचं, पिशवी उघडून दाखवायची, "साडी" म्हणायचं आणि मग निघायचं. आजीनंतर ती हाक आईकडं आली. भावजी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना वाटलं, सासूबाई साडी मागतायत. दिवाळीला खरंच घेऊन आले बिचारे.

आणि तू रे? समितीचं काम करणारा, गावोगाव अंधश्रद्धा निर्मूलनाची व्याख्यानं लावणारा माणूस. आमच्या घरातनं एकदा तरी पिशवी न दाखवता गेलास का? दहावीला तुझं हॉलतिकीट आमच्या फळीवर राहिलं होतं आणि ते आईच्या हाकेमुळं सापडलं. तू म्हणायचास, ही श्रद्धा नाही, तपासणी आहे. मला तेव्हाही पटलं होतं. पण आईला ती तपासणी वाटत नव्हती. २०१९ च्या ऑगस्टात भावजी पहाटेच पुण्याला निघाले, आई अंबाबाईला गेलेली, हाक राहिली. त्याच आठवड्यात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असताना पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, भावजी तिकडं आणि अक्का इकडं. हायवे खुला होईपर्यंत आई एकच म्हणत होती, "इचारलं न्हाई न्हवं पेंडीचं." मी तिला राधानगरीचं धरण, अलमट्टी, नदीकाठची बांधकामं, सगळं समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते खरं. पर इचारलं न्हाई."

समोर असून जाणूनबुजून हाक न मारण्याची वेळ एकदाच आली होती. आबांना नेताना. ती उंबऱ्याशी उभी होती, आपण सगळे नकळत थांबलो होतो, तूही खांदा देऊन थांबला होतास. तिनं तोंड उघडलं नाही. तू तिथं होतास म्हणूनच तुला कळेल, की परवा ती मेथी निवडत गप्प बसली तेव्हा माझ्या पोटात काय झालं.

आता तूच सांग, मी याचा अर्थ काय लावू? यंदाच्या उन्हाळ्यात चटणी केली तेव्हा संकेश्वरी किती, ब्याडगी किती, लसूण किती, खोबरं कधी भाजायचं, सगळं तिनं तोंडपाठ सांगितलं, एका शब्दाला अडली नाही. म्हशींची नावं सांगते. तुझ्या आईला कुठल्या हळदीकुंकवाला काय वाण दिलं होतं तेही सांगते. मग नेमकं हेच कसं गेलं? डॉक्टर म्हणाले, या वयात बी १२ कमी असलं किंवा थायरॉइड बिघडलं तरी विसर पडतो, आधी रक्त तपासू, लगेच मोठं नाव घेऊन घाबरू नका. रिपोर्ट मंगळवारी येतील. मी घाबरलोय ते रिपोर्टला नाही. त्या "कुठली साडी गं?"ला घाबरलोय.

पोरीनं पुण्यात पोचल्यावर फोन केला. म्हणाली, "बाबा, आता तुम्ही विचारत जावा." मी नाही म्हणालो. आई सोप्यात बसलेली असताना मी हाक मारायची, हे मला जमणार नाही. उद्या तिला आठवलं आणि तिनं बघितलं की तिची हाक दुसऱ्यानं घेतलीय, तर?

मी तिला अजून काही आठवण करून दिलेली नाही. मी सांगितलं तर ती मला बरं वाटावं म्हणून "हां, आठवलं की" म्हणेल. तिचा तो स्वर मला कळतो. अक्कानं सांगितलं तरी तेच. पण तू आलास तर गोष्ट वेगळी आहे. तुला बघितल्यावर तिला कट्टा, म्हैस, आबा, सगळं एकदम आठवतं. मागच्या वेळी नाही का, तुला "पळपुट्या" म्हणून हाक मारली होती? म्हणून म्हणतो, ये. ललिता पंचमीला ये. टेंबलाईच्या देवळात कोहळा फुटताना आपण किती वर्षांत गेलो नाही. तो तुकडा मिळवायला तू केलेली ती झोंबाझोंबी आणि फाटलेला शर्ट! आणि पाटाकडील तालीम आणि शिवाजी मंडळाच्या त्या फुटबॉल मॅचवरनं तू अंबाबाईवर रुसलेल्या टेंबलाईसारखा बसला होतास, तेव्हा अंबाबाईनं केलं तेच आईनं केलं: डबा घेऊन स्वतः तुझ्या दारात आली होती. गोल ऑफसाइडच होता, हे मात्र मी आजही म्हणेन.

दोन दिवस राहा. तिच्याशी नेहमीसारखं बोल, मुद्दाम विषय काढू नकोस. निघताना पिशवी घे आणि बोळात जाऊन थांब. पुढचं पुढं बघू.

वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे अक्काकडून कळलं, व्यायाम टाळू देऊ नकोस. धाकट्याच्या ॲडमिशनचं काय झालं ते लिही. डोंबिवलीचा फ्लॅट विकायची घाई करू नकोस, एवढंच माझं मत.

नवरात्रात महालक्ष्मी एक्स्प्रेस भरलेली असते, तेव्हा तिकीट आजच बघ. नाही मिळालं तर रात्रीची बस धर, मी पहाटे तावडे हॉटेलपाशी घ्यायला येतो.

तुझा,
पिंट्या

ता. क. मामीला यातलं काही कळवू नकोस. कळलं तर ती मामाला घेऊन पेंडीचं पोतं टाकूनच इथं हजर होईल, आणि रिपोर्ट यायच्या आधी मला एवढी गर्दी नकोय. रिपोर्टनंतर मीच सांगतो.