कंपालाहून पत्र: वर्षाला दोन पावसाळे

कंपाला, युगांडा
ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही इकडे येण्याचे मनावर घेतल्यापासून बाबांचा दर फोनला एकच प्रश्न असतो, की विषुववृत्तावरचा उन्हाळा या वयात सोसवेल का. फोनवर ते नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आपल्या अर्थाचा उन्हाळा इथे नाही आणि हिवाळाही नाही. कंपालापासून विषुववृत्त ४० किलोमीटरही दूर नसले, तरी शहर सुमारे १,२०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरहून थोडेसेच खाली वसलेले आहे. दर हजार मीटरला पारा सहा-साडेसहा अंश उतरतो, त्यामुळे दुपारी २७-२८ आणि पहाटे १७-१८ अंश असा हिशेब वर्षभर चालतो. सर्वांत उबदार आणि सर्वांत थंड महिन्यांच्या सरासरीत दोनेक अंशांचाच फरक पडतो. सोलापूरचे ४२ अंश काढलेल्या माणसांनी याची धास्ती घेऊ नये.

दिवसही बारा महिने बारा तासांचाच असतो. सूर्य मात्र बाजू बदलतो. जूनमध्ये तो माध्यान्हीला उत्तरेकडे असतो आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेकडे, त्यामुळे माझी कपडे वाळवायची दोरी वर्षातून दोनदा मागच्या गॅलरीतून पुढच्या गॅलरीत जाते.

ऋतू मोजायचे ते पावसावरून. दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे जिथे एकमेकांना भिडतात, तो ढगांचा पट्टा सूर्यामागोमाग उत्तर-दक्षिण सरकतो आणि जाता-येता असा दोनदा या देशावरून जातो. म्हणून पहिला पावसाळा मार्च ते मे आणि दुसरा सप्टेंबर ते नोव्हेंबर, क्वचित डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. मधल्या महिन्यांना कोरडे म्हणतात, पण त्यांतही पन्नास-साठ मिलिमीटर पाऊस होतोच. वर्षाचा एकूण पाऊस १,२०० ते १,३०० मिलिमीटर भरतो.

हा पाऊस आपल्या झडीसारखा दिवसरात्र लागून राहत नाही, त्याची जात वळवाची आहे. सकाळी लख्ख ऊन असते, दुपारी ढग चढतात, पत्र्यावर इतका जोरात कोसळतो की समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही, आणि तास-दीड तासात लाल मातीचे पाणी रस्त्याकडेच्या गटारांतून धावत असताना पुन्हा ऊन पडते. तेवढा वेळ बोडाबोडावाले, म्हणजे मोटारसायकलवरून प्रवासी नेणारे, पेट्रोल पंपाच्या छपराखाली दाटीवाटीने उभे राहतात. गाठायची वेळ असेल तेव्हा आपणही तिथेच उभे असतो, आणि उशीर झाल्याबद्दल कोणी कोणाला बोल लावत नाही. यात व्हिक्टोरिया सरोवराचा हात मोठा आहे. महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून मोठे असे ते पाणी दिवसा जमिनीकडे दमट वारे पाठवते आणि रात्री किनाऱ्यांवरचे वारे स्वतःकडे ओढून घेते. म्हणून रात्रीची वादळे सरोवरावर उठतात आणि मच्छीमारांना ती फार भोवतात.

बाबा, तुम्हाला शेतीचे ऐकायला आवडेल. इथला शेतकरी मका आणि घेवडा वर्षातून दोनदा पेरतो. एक हंगाम हुकला तर काही महिन्यांतच दुसरा हाताशी येतो, याचा मला हेवा वाटतो. पण काढणीच्या वेळी पाऊस रेंगाळला, की ताडपत्रीवर पसरलेला मका वाळत नाही आणि त्याला बुरशी धरते. सुगी दोनदा येते तशी ही काळजीही दोनदा येते. ईशान्येकडच्या कारामोजात मात्र एकच पावसाळा, तोही बेभरवशाचा, आणि तिथले लोक गुरे आणि ज्वारी यांवर जगतात. आपल्या भागातल्या माणसाला तो मुलूख परका वाटणार नाही. पश्चिमेला र्वेन्झोरी पर्वताच्या शिखरांवर, सुमारे पाच हजार मीटर उंचीवर, विषुववृत्ताशेजारी बर्फही आहे, मात्र ते झपाट्याने आटत चालले आहे.

२०२३ चा ऑगस्ट तुम्ही विसरला नसाल. १९०१ पासूनच्या नोंदींत भारताचा सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. त्याच वर्षी ऑक्टोबरनंतर केनिया, सोमालिया आणि इथिओपियात पुरांनी हाहाकार केला. पॅसिफिक तापून एल निनो आला, की आपला मान्सून बहुधा लंगडतो आणि पूर्व आफ्रिकेतला वर्षअखेरीचा पाऊस बहुधा वाढतो. त्या वर्षी हिंदी महासागराची पश्चिम बाजूही तापलेली होती. तेव्हापासून इकडचा अंदाज ऐकताना मला तिकडच्या विहिरीची आठवण होते.

तेव्हा तुम्ही जानेवारीतच यावे. रस्ते कोरडे असतात आणि गावाबाहेर फिरता येते. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचा दाखला विमानतळावर दाखवावा लागतो. हिवतापाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आताच विचारून ठेवा, कारण डास कोरड्या महिन्यांतही असतात. आईने पातळ स्वेटर घ्यावा, छत्र्या इथे आहेत.

हस्ताचा पाऊस किती झाला आणि ज्वारीची पेरणी उरकली का, ते कळवा.

तुमची लेक